आधी नाव कुणाचं

ज्या दोन देशांसाठी मी वेलिंग्टनमध्ये बसून दीड वर्ष एक कार्यक्रम आखला, त्यांची नावं मी इथं लिहिणार नाही. गुपित वगैरे काही नाही. आधी कुणाचं नाव लिहायचं हा प्रश्न मला आजही नीट सुटलेला नाही, आणि त्या भानगडीत पुन्हा पडायची माझी तयारी नाही. एकाला वरचा देश म्हणते, दुसऱ्याला खालचा. हेही त्यांना आवडणार नाही. पण पाणी वरून खाली वाहतं, त्याला मी काय करणार?

दोघांच्या मधे उंच डोंगर, डोंगरात एक खिंड आणि खिंडीच्या दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारे, एकमेकांच्यात सोयरिक करणारे मेंढपाळ. वरच्या देशात बर्फाचं पाणी साचून झालेलं तळं होतं. दरड कोसळून तळं फुटलं की पाणी खालच्या देशातल्या गावांत शिरायचं. तळ्यावर नेमलेल्या वरच्या देशाच्या राखणदाराला ते डोळ्यांनी दिसायचं, पण खालच्या गावाला थेट फोन करायची त्याला मुभा नव्हती. निरोप आधी त्याच्या राजधानीत जायचा, तिथून दुसऱ्या राजधानीत, तिथून जिल्ह्याला, आणि तोवर पाणी गावातून निघूनही गेलेलं असायचं. न्यूझीलंडला डोंगर, दरडी आणि भूकंप यांची सवय आहे, म्हणून हे काम आमच्या खात्याकडे आलं. थेट फोन, एक झुलता पूल, जनावरांच्या लसी दोन्हीकडे एकाच वेळी, आणि खिंडीतली वाट दुरुस्त करणं, असा पुढच्या काही वर्षांचा आराखडा करायचा होता. त्याचं नाव होतं ‘डोंगराळ प्रदेशासाठी भावी सीमापार सहकार्य कार्यक्रम’. डोंगर चढायच्या आधी नाव वाचतानाच धाप लागायची.

मी पुण्याची, शिक्षणानं सिव्हिल इंजिनीअर. २०११ साली नवऱ्याबरोबर इथं आले. तो आयटीत, त्याला लगेच काम मिळालं. मी दोन वर्षं गटारांचे नकाशे तपासले आणि मग या खात्यात कॉन्ट्रॅक्टवर लागले. आराखडा मंजूर होईपर्यंतच माझी नोकरी होती. मंजूर झाला, की कार्यक्रम सांभाळायला आमच्याच ऑफिसात एक कायमची जागा निघणार होती, आणि ती तुझीच समज, असं साहेबांनी मला दोनदा सांगितलं होतं.

घरी याच जागेवर सगळं अडलं होतं. सासरे गेल्यापासून नवऱ्याला परत जायचं होतं. सासूबाई कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकट्या. एकदा तीन महिने राहून गेल्या होत्या. जॉन्सनव्हिलच्या आमच्या घराच्या खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, “तुमच्याकडे वारा कधी सुट्टी घेत नाही का गं?” आणि पुन्हा यायचं नाव काढलं नाही. मला मात्र परत जायचं नव्हतं. इथं मला कुणाची सून, कुणाची वहिनी म्हणून नव्हे तर माझ्या कामावरून ओळखत होते, आणि त्याची मला चटक लागली होती. आमची यावरून इतकी भांडणं झाली की सहा वर्षांची मुलगी मधे येऊन म्हणायची, “Can you guys do this later?” मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर इंग्रजीत.

शेवटी आम्ही एक ठरवून टाकलं. कार्यक्रम मंजूर झाला तर राहायचं. नाही झाला तर मुलीचं पुढचं शालेय वर्ष पुण्यात. नवरा म्हणाला, “ठरलं. नंतर रडारड नाही.” आणि जमिनीचा सौदा पटावा तसे आम्ही चक्क हात मिळवले.

त्यानंतर रोज संध्याकाळी तो विचारायचा, “काय म्हणतायत डोंगरवाले?” त्याला चांगली बातमी हवी असायची की वाईट, हे मला कळायचं नाही. मी आपली “चाललंय” म्हणायचे आणि ताटं घ्यायचे.

साहेब साउथ आयलंडच्या एका शेतावर वाढलेले. उंच, भला माणूस. थंडीतही हाफ पँट. जगात सगळे लोक मुळात चांगले असतात आणि जे मनात असतं तेच बोलतात, यावर त्यांचा विश्वास होता. मला, सफाईला येणाऱ्या बाईंना आणि खात्याच्या प्रमुखांना ते एकाच सुरात पहिल्या नावानं हाक मारायचे. मी त्यांना इथं साहेब म्हणतेय हे वाचलं तर त्यांना मनापासून वाईट वाटेल. आराखड्याच्या मुखपृष्ठावर दोन्ही देशांची नावं घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी ती इंग्रजी अकारविल्हे लावली. वरचा देश आधी आला. कुणावर अन्याय नाही, एबीसीडी कुणाच्या बापाची नाही, असा त्यांचा हिशेब होता.

मसुदा गेला. वरच्या देशाचं दुसऱ्याच दिवशी धन्यवादाचं उत्तर आलं. खालच्या देशानं कळवलं की आराखडा अत्यंत उपयुक्त आहे, यथावकाश अभिप्राय कळवू. साहेब खूश. त्यांना आवडलाय, म्हणाले. ज्यानं आयुष्यात एकदा तरी पुणे महापालिकेत नळजोडाचा अर्ज केलाय त्याला ‘यथावकाश’चा अर्थ वेगळा शिकवावा लागत नाही.

मग काहीच आलं नाही. आठवडे गेले. साहेब म्हणायचे, कामात असतील. मी म्हटलं, कामात नाहीत, रुसलेत. आता रुसणं इंग्रजीत कसं सांगायचं? जो शब्द आहे तो लहान मुलांना लावतात, आणि सरकारी अधिकाऱ्याला लावला तर दुसरं भांडण. मग मी त्यांना आमच्या लग्नातली वरमाय समजावून सांगितली. ती रुसते. का रुसली ते सांगत नाही. तिला विचारायचंही नसतं, मुलीकडच्यांनी ते ओळखायचं असतं. कुणीतरी तिला पाट द्यायला विसरलेलं असतं, किंवा धाकट्या जावेला आधी हळदकुंकू लावलेलं असतं.

“पण ती सांगून का टाकत नाही?” साहेबांनी विचारलं.

मी म्हटलं, मागून मिळालेला मान हा मान नसतो. त्यांनी माझ्याकडे फार सहानुभूतीनं पाहिलं. लग्नात माझंच काहीतरी झालं असावं, असा त्यांचा समज झाला असणार.

मला खरं म्हणजे दुसरंच काही आठवत होतं. माझ्या वडिलांच्या गावाजवळ कुलदैवताचा डोंगर आहे. देऊळ माथ्यावर, अलीकडच्या उताराला आमचं गाव, पलीकडच्या उताराला दुसरं, तालुकाही दुसरा. जत्रेत पहिला मान कुणाचा यावरून एके काळी डोकी फुटायची. मग केव्हातरी कुणी शहाण्यानं घडी बसवून दिली. पालखी आमच्या गावाची आधी निघते, पण पलीकडच्या गावाचा नारळ फुटल्याशिवाय ती देवळाच्या पायरीला लागत नाही. म्हणजे पहिले कोण? मी लहानपणी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, हे विचारायचं नाही म्हणूनच तर ते तसं ठेवलंय.

हे सगळं मी एकदा ऑफिसच्या चहाच्या खोलीत साहेबांना सांगत होते. इंग्रजीत अडखळत, हातवारे करत. ऑनर म्हटलं तर त्यांना तलवारी दिसायच्या, रिस्पेक्ट म्हटलं तर ते म्हणायचे, पण आम्ही रिस्पेक्ट दिलाच आहे. शेजारच्या टेबलावर आमच्या मजल्यावरच्या एक माओरी बाई बसल्या होत्या. वयानं साठीच्या, खात्याला जमिनी आणि नद्यांच्या कामात इथल्या मूळच्या माओरी लोकांशी कसं बोलावं याचा सल्ला देणाऱ्या. त्यांनी बिस्किट खाली ठेवलं आणि मला विचारलं, तो तुमचा शब्द काय म्हणालीस?

“मान.”

“पुन्हा म्हण.”

“मान.”

“मना,” त्या म्हणाल्या, आणि साहेबांकडे वळल्या. “तुम्ही त्यांच्या ‘मना’ला धक्का लावलाय. ते सभ्य आहेत म्हणून तुम्हाला सांगत नाहीत.”

साहेब लालबुंद झाले. मना हा माओरी शब्द त्यांना पक्का माहीत होता. इथं सरकारी नोकरीत तो पहिल्याच प्रशिक्षणात शिकवतात. माणसाची, घराण्याची, टोळीची, डोंगराचीसुद्धा मना असते आणि ती जपायची असते. ते माझ्याकडे वळून म्हणाले, अगं, मग हे आधी का नाही सांगितलंस? मला असा राग आला म्हणून सांगू. इतके दिवस दुसरं काय सांगत होते मी? वरमाय, जत्रा, पालखी, सगळं घसा कोरडा करून झालं होतं, आणि बाईंनी दोन अक्षरांत काम केलं. हे दोन शब्द मुळात एक आहेत की नुसते कानाला सारखे लागतात, ते मला ठाऊक नव्हतं आणि बाईंनाही. आम्ही ते विद्वानांवर सोपवलं आणि आणखी एकेक बिस्किट घेतलं.

मी साहेबांना सुचवलं की आराखड्याच्या दोन प्रती काढू या. वरच्या देशाकडे जाईल तिच्यावर त्यांचं नाव आधी, खालच्याकडे जाईल तिच्यावर त्यांचं. आपलं डोकं काय चालतं म्हणून मी दिवसभर खुशीत होते. संध्याकाळी परराष्ट्र खात्यातल्या एकीनं कळवलं की ही फार जुनी पद्धत आहे आणि तिला फ्रेंच नावही आहे. असो. नव्या प्रती गेल्या आणि आठवड्याच्या आत खालच्या देशाचं पत्र आलं. अंतिम बोलणी करायला दोन्हीकडचे लोक वेलिंग्टनला येतील. तिथं एकमत झालं तर पुढची मंजुरी म्हणजे औपचारिकता होती.

घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, “वा.” मग रिसायकलिंगचा डबा बाहेर ठेवायला गेला आणि बराच वेळ बाहेरच राहिला. मी त्याच्यामागे गेले नाही.

बोलणी वसंतात झाली. दोन्हीकडचे दोन-दोन जण. खालच्या देशाचे प्रमुख वयस्क, लोकरीची टोपी खोलीतही न काढणारे, कमी बोलणारे. वरच्या देशाचा प्रमुख तरुण, माझ्यासारखाच इंजिनीअर, प्रत्येक गोष्टीची फाइल जवळ. स्वागत माओरी बाईंनी केलं. आधी कुणाला आत घ्यायचं म्हणून मी काळजीत होते. त्यांनी दोघांना दाराशी शेजारी शेजारी उभं केलं आणि एकदमच आत आणलं. दार रुंद होतं.

काम चांगलं चाललं. पुलाचं ठरलं, लसींचं ठरलं. थेट फोनचं अवघड होतं, कारण वरच्या देशाला आपल्या राखणदारानं परदेशी फोन लावणं पसंत नव्हतं. तेव्हा खालच्या देशाच्या म्हाताऱ्या प्रमुखांनी एवढंच सांगितलं की मागच्या वेळी पाणी आलं तेव्हा त्यांच्या गावातली शाळा भरलेली होती, आणि मुलं वाचली ती केवळ मास्तर त्यांना घेऊन टेकडीवर गेले होते म्हणून. तरुण इंजिनीअरनं फाइल बाजूला सारली आणि फोनला हो म्हटलं.

जेवणानंतर म्हाताऱ्या प्रमुखांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “आणि या कार्यक्रमाचं घर कुठं असेल?”

साहेब म्हणाले, इथंच, वेलिंग्टनमध्ये. आम्ही तटस्थ आहोत ना. आणि ही सांभाळेल सगळं, म्हणून त्यांनी माझ्याकडे हात केला. चौघेही पाहुणे माझ्याकडे पाहून हसले.

“फारच छान,” म्हातारे म्हणाले. “यथावकाश बघू.”

त्याच क्षणी तरुण इंजिनीअरनं आपली फाइल मिटली. त्या दोघांचं दिवसभरात न बोलता झालेलं ते पहिलं एकमत, आणि ते माझ्या नोकरीबद्दल होतं. साहेबांनी फळ्यावर त्या मुद्द्यापुढे ‘मान्य’ असं लिहून टाकलं.

मला गप्प बसता आलं असतं. फळ्यावर मान्य होतंच. तेवढ्यावर मंजुरी मिळाली असती, जागा निघाली असती, मला मिळाली असती, आम्ही राहिलो असतो. कागदावर कार्यक्रम छान चालला असता. आणि डोंगरावर कुणी कुणाला फोन केला नसता, कारण आपल्या खिंडीचा कारभार समुद्रापलीकडच्या कुठल्यातरी ऑफिसातून चालतो हे त्यांनी मनातून कधी स्वीकारलंच नसतं. मी माओरी बाईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच पाहत होत्या, पण त्यांनी मान हलवली नाही की डोळ्यानं खुणावलं नाही. हे माझं मलाच करायचं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

मी म्हटलं, “घर इथं नको. तुमचे मेंढपाळ उन्हाळ्यात वर असतात आणि हिवाळ्यात खाली. ऑफिसही तसंच असू दे.”

साहेब मला थांबवत म्हणाले, “अगं, पण ती तुझी जागा आहे.” सगळ्यांसमोर. मनातलं बोलायची सवय, दुसरं काय.

मी म्हटलं, मला माहीत आहे. म्हाताऱ्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि पहिल्यांदाच दुसऱ्या बाजूशी थेट बोलले. खालच्या घराला चूल लागेल, म्हणाले, ती कुणी आणायची? तरुण म्हणाला, वरच्या घराला छप्पर आहे कुठं, आधी त्याचं बोला. मग जनरेटर कुणाचा, खुर्च्या कुणाच्या, यावरून दोघांची चांगलीच जुंपली. साहेब घाबरून माझ्याकडे पाहायला लागले. मी त्यांना सांगितलं, आता काळजी नाही. भांडायला लागले म्हणजे घर आपलं मानलं.

त्या दिवशी घरी गेल्यावर मी नवऱ्याला एवढंच सांगितलं की बोलणी चांगली झाली. पुढचं सांगायला जीभ रेटेना. मंजुरी येईपर्यंत ते तसंच पोटात ठेवून मी डबे भरले, मुलीला पोहायला नेलं, ट्रेन रद्द झाली की बससाठी रांगेत उभी राहिले.

मंजुरी आली. साहेबांनी स्वतः जाऊन केक आणला आणि तो कापताना त्यांचा चेहरा सुतकी होता. माझं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेरीला संपत होतं. दुसरीकडे शब्द टाकतो म्हणाले, आणि टाकलाही असेल.

घरी पोचले तेव्हा नवरा गॅसपाशी होता. भात लावला होता आणि तो वरणाच्या फोडणीसाठी लसूण सोलत होता. मुलगी आत टीव्ही पाहत होती. मी कोट न काढताच सांगितलं की कार्यक्रम मंजूर झाला, पण जागा गेली, आणि ती मीच घालवली. खोलीत काय झालं ते सगळं सांगितलं. तो सुरी हातात तशीच धरून ऐकत होता.

मी म्हटलं, आपण ठरवलं होतं ते त्या जागेच्या भरवशावर. तेव्हा आता तू म्हणशील तसं.

“ठरलं काय होतं?” तो म्हणाला. “कार्यक्रम मंजूर झाला तर राहायचं. झाला ना?”

“झाला, पण…”

“मग झालं. नोकरीचं बोलणं झालं नव्हतं.”

मी म्हटलं, ते धरलेलंच होतं, तुलाही माहीत आहे. उगाच माझ्यासाठी म्हणून शब्दाचा कीस काढू नकोस. तुला जायचंय.

“जायचंय,” तो म्हणाला. “पण तू तिथं पळवाट असून घेतली नाहीस. मग मला कशाला देतेस?”

मी रडले. रडारड नाही असं ठरलेलं असूनही रडले. सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली, कारण मला जे हवं होतं ते मिळालं होतं आणि ते त्याच्या ताटातलं होतं. तो लसणाची सालं गोळा करत राहिला. मग हात धुतले, पुसले आणि म्हणाला की आईला आत्ताच सांगून टाकतो, उद्यावर नको.

पुण्यात तेव्हा दुपारच्या स्वयंपाकाची वेळ होती. फोन त्यानं ओट्यावर ठेवून स्पीकरवर लावला. सासूबाईंच्या कुकरची शिट्टी आधी ऐकू आली आणि मग त्यांचा आवाज. त्यानं आडवळण घेतलं नाही. म्हणाला, “आई, आम्ही इथंच राहायचं ठरवलंय.”

पलीकडे कुकर बंद केल्याचा आवाज झाला. त्यानं फोन उचलला, स्पीकर बंद केला आणि कानाला लावून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्या काय बोलत होत्या, की बोलतच नव्हत्या, ते मला कळलं नाही. तो नुसता ऐकत होता.

मग म्हणाला, “हो. जेवलो.”

आम्ही अजून जेवलो नव्हतो. भात गॅसवरच होता.